चावलेले ठोकळे

१

मी कवळ्या बनवते. बत्तीस वर्षं झाली. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेतात आणि माझ्याकडे पाठवून देतात, पुढचं सगळं माझ्या टेबलावर होतं. त्या मापात प्लास्टर ओतायचं, जबड्याचा साचा काढायचा, मेणात दात लावायचे, घासायचं, पॉलिश करायचं. ह्या शहरातले निदान दोन हजार लोक मी केलेल्या दातांनी हसतात आणि त्यातल्या एकालाही मी माहीत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. मला लोक फारसे आवडतही नाहीत, त्यांचे जबडे आवडतात.

भाऊजी गेले, आणि त्यानंतर दीड महिन्याने ताई माझ्याकडे राहायला आली. सोबत दोन बॅगा, एक उशी आणि अडतीस खोकी. खोक्यांत कपडे नव्हते, भांडी नव्हती. प्लास्टिकचे ठोकळे होते, एकात एक बसतात ते. भाऊजी डेअरीत दूध तपासायचे, आणि घरी आले की जमिनीवर पालथे पडून ठोकळे जोडायचे. साठीच्या माणसाला हा छंद कुठून लागला कोण जाणे. लोकांच्या माळ्यावर पडलेले जुने ठोकळे ते किलोवर आणायचे, जाळीच्या पिशवीत घालून वॉशिंग मशीनमध्ये धुवायचे, आणि ताई शेजारणींना सांगायची की माझी सवत खोक्यात राहते.

आता ती सवतीला घेऊन माझ्या दारात उभी होती आणि तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. जेवायची म्हणजे दोन घास चिवडायची. बोलायची म्हणजे ‘हं’ म्हणायची. मागच्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. असे सहा महिने गेले. डॉक्टर म्हणाले, वजन आणखी चार किलो उतरलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि तिथेही खात्री नाही. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी एक्कावन्न वर्षांची घोडी झाले तरी ती मला ‘छोटे’ म्हणायची आणि येता-जाता ओरडायची. आता ती ओरडतच नव्हती. मला बाकी काही नको होतं. तिने एकदा मला नीट ओरडावं, एवढंच हवं होतं.

२

ते झालं एका खोक्यामुळे. खोक्यांची उतरंड मागच्या खोलीत तिच्याच पलंगाला लागून होती. मी वरचं खोकं काढायला गेले, त्याचा तळ सुटला आणि दोन-तीन हजार ठोकळे खोलीभर पसरले. मी अस्सल शिवी हासडली, गुडघे टेकले आणि लाल ते लाल, पिवळे ते पिवळे असे गोळा करायला लागले. पाच-दहा मिनिटांनी पाठीमागून आवाज आला.

“रंगाने नको लावूस. आकाराने लाव. एवढी कशी गं तुला अक्कल नाही?”

मी हातातले लाल ठोकळे तसेच धरून बसले. सहा महिन्यांत ऐकलेलं पहिलं पूर्ण वाक्य, आणि त्यात माझी अक्कल काढलेली. मला रडूच आलं. ताई उठून खाली बसली होती. एका रंगाच्या ढिगात बारका ठोकळा शोधायला गेलं तर डोळे फुटतात, आकाराच्या ढिगात रंग आपणहून दिसतो, असं हे सांगायचे, म्हणाली. मग भाऊजींचं आणखी बरंच सांगितलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही तळाचं खोकं उघडलं. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली डेअरी निघाली. भाऊजींची स्वतःची, ते काम करायचे ती. फाटक, वजनकाटा, रांगेत उभे दुधाचे कॅन, दूध तापवायच्या मोठ्या हॉलची अर्धी भिंत. सोबत चौकटीच्या कागदाची वही, तिच्यात एकेका भिंतीचा नकाशा. ताईने वही दोनदा चाळली आणि मला सांगितलं की उद्या तुझं सहा फुटी टेबल इकडे आण, ही डेअरी पुरी करायची आहे.

मी टेबल आणलं. वर धूळ बसू नये म्हणून तिने त्याच्यावर पांढरी चादर टाकली, ती चारी बाजूंनी जमिनीपर्यंत यायची. काम करताना तेवढी वरची बाजू दुमडून ठेवायची.

डेअरी पांढरी, आणि पांढरे ठोकळे जुने झाले की पिवळे पडतात. तिथे मी कामाला आले. ठोकळे पेरॉक्साइडमध्ये बुडवून बाल्कनीत उन्हाला ठेवायचे, तीन दिवसांत लख्ख. दात उजळायलाही तेच लागतं. मी प्रत्येक ठोकळा उलटसुलट बघून आत सोडला, कारण भाऊजींना एक घाणेरडी खोड होती. घट्ट बसलेले ठोकळे सोडवायला प्लास्टिकची खास पट्टी मिळते. भाऊजींकडे अशा नऊ पट्ट्या होत्या, आणि तरी ते दातांनी ठोकळे सोडवायचे. ठोकळेवाल्यांचा एक क्लब असतो, तिथे ह्या खोडीवरून त्यांना वाळीत टाकायचं बाकी होतं. त्यातच त्यांच्या पटाशीच्या डाव्या दाताचा टवका उडाला होता, आणि बाजूची एक दाढ काढल्यावर मीच त्यांना तेवढ्या एका दाताची बारकी कवळी करून दिली होती. चावलेले ठोकळे मी एकूण एक वेगळे काढले, एकशे बासष्ट निघाले, आणि बरणीत भरून ठेवले. उजळायला गेला तो प्रत्येक ठोकळा कोरा होता. हे मी शपथेवर सांगेन.

३

ताई आता सकाळी अंघोळ करून कामावर गेल्यासारखी मागच्या खोलीत जायची. अकराला माझ्या खोलीत येऊन बसायची, आम्ही चहा प्यायचो, ती माझ्या कामाला नावं ठेवायची. माझी कामाची खोली आणि ती खोली ह्यांच्यात एकच पातळ भिंत आहे.

एका मंगळवारी ती अशीच बसली होती. मी पॉलिशचं मशीन बंद केलं, आणि भिंतीपलीकडून आवाज आला. कट्.

पट्टीने ठोकळा सोडवला तर ‘टक्’ होतं, मोकळं आणि स्वच्छ. दातांनी सोडवला तर आधी किंचित खरवडल्याचं ऐकू येतं आणि मग ‘कट्’. दिवसभर दातांवर काही ना काही घासणाऱ्या बाईला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही.

थोड्या वेळाने पुन्हा आला. मग पुन्हा. घरात आम्ही दोघी होतो आणि दोघी इकडे होतो. मी ताईकडे पाहिलं. तिने कप खाली ठेवला होता आणि मान किंचित तिरकी करून ती ऐकत होती. मग हसली, आणि मघाची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सांगायला लागली. मी मनाशी म्हटलं, ऊन वाढलं की प्लास्टिक फुगतं, ठोकळे सुटत असतील.

चहा झाल्यावर आम्ही जाऊन पाहिलं. टेबलाखाली चादरीच्या कडेला अठरा पांढरे ठोकळे ओळीने लावलेले होते. आकाराने. प्रत्येकावर चावल्याची ताजी खूण.

“हे आले,” ताई म्हणाली. अगदी साधेपणाने म्हणाली.

त्या दुपारी ती पोटभर जेवली, आणि आणखी मागून घेतलं. मग माझ्या चपला खोलीच्या दारात आडव्या पडलेल्या असतात, त्यांना अडखळून एखाद्या दिवशी माणूस मरेल, ह्यावर तिने मला चांगलं दहा मिनिटं फैलावर घेतलं. मी खाली मान घालून ऐकलं. मला इतका आनंद झाला होता की खोलीत काय आहे हा विचार मी दुसऱ्या दिवसावर ढकलला.

४

दुसऱ्या दिवशी मी त्यातला एक ठोकळा माझ्या भिंगाखाली धरला.

उंदीर म्हणावं तर उंदराच्या खुणा जोडीने येतात. पक्कड म्हणावं तर पकडीच्या जबड्याला खाचांची जाळी असते, ती उमटते. ताई स्वतःच झोपेत उठून करत असेल असंही वाटलं, पण ताईचे दात मला पाठ आहेत, तिच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. आणि आवाज आला तेव्हा ती माझ्यासमोर बिस्किट बुडवत होती. एकेक शक्यता मी अशी बाजूला काढली आणि शेवटी हातात दात राहिले.

पण ते भाऊजींचे नव्हते. ते कुणाचेच नव्हते.

अठरांत एक लांब ठोकळा होता, बोटभर लांबीचा. त्याच्या काठावर अकरा खुणा होत्या, एका रेषेत. आता माणसाचा जबडा वाकलेला असतो. सरळ काठावर एका वेळी चार दात टेकतील, ओढूनताणून सहा. अकरा टेकायचे तर जबडा फूटपट्टीसारखा सरळ हवा. आणि अकराही दात एका रुंदीचे होते. पटाशीचा दात रुंद असतो, सुळा टोकदार, दाढ बसकी. इथे असा काही भेद नव्हता. दात नावाची वस्तू असते, ती ओळीने असते आणि तिने चावतात, एवढं कुणीतरी कुणाला सांगावं आणि त्याने ऐकीव माहितीवर करून बघावं, तसं ते काम होतं.

मला भीती वाटली, ती कशाची ते मला सांगता येईना, पण त्याचबरोबर मला त्या कामाचा रागही आला. इतकं बेंगरूळ काम मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

५

ताईला सांगायचं ठरवलं. फळीवरून भाऊजींचा साचा काढला. मी कुणाचेच साचे फेकत नाही, दोन हजारांवर जबडे आहेत माझ्याकडे, तारखा घालून. तो घेऊन मी मागच्या खोलीत गेले. ताई डेअरीची काचेची खिडकी बसवत होती आणि गुणगुणत होती. मी बाजूला स्टूल घेतलं, साचा टेबलावर ठेवला, आणि शाळामास्तरासारखी सुरू झाले.

हे बघ, म्हटलं, हा पटाशीचा डावा, ह्याचा बाहेरचा कोपरा उडालेला आहे, तांदळाएवढा. हा उजवा किंचित आत वळलेला. सुळे बघ, हा उंच, हा झिजलेला. ही दाढ नाही, इथे जागा रिकामी. आणि सगळे मिळून कमान होते, अशी. मी बोटाने कमान दाखवली, दोनदा दाखवली. दाताची जाडी सांगितली, चावताना खालचा जबडा आधी पुढे येतो आणि मग वर जातो तेही करून दाखवलं. मला माझा विषय मिळाला की मी थांबत नाही.

आता म्हणायचं होतं की तेव्हा बघ, ह्या खुणा भाऊजींच्या नाहीत. मी ताईच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या गालावर किती महिन्यांनी रंग आला होता. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी काय म्हणणार ते तिला ठाऊक आहे आणि तिला ते ऐकायचं नाही.

“तेव्हा काय?” तिने विचारलं.

“तेव्हा जुळतंय,” मी म्हटलं.

ती पुन्हा गुणगुणायला लागली. तेवढ्यात माझा फोन वाजला. एका डॉक्टरांच्या पेशंटची कवळी लग्नाच्या आदल्या दिवशी मोडली होती, नवरदेवाचे वडील होते बिचारे. मी पळत माझ्या खोलीत गेले आणि दोन दिवस त्या कामात बुडून गेले. साचा टेबलावर तसाच राहिला.

माझ्या धंद्यात पहिला धडा हा असतो की नमुना कामाच्या जागी सोडून जायचं नाही. ज्याला बघायचं तो बघतो.

६

शुक्रवारी ताईनेच मला हाक मारली. नवे चावलेले ठोकळे निघाले होते, पंचवीस-तीस. ती लहान मुलीसारखी खूश होती. तिने तळहाताएवढा एक चपटा ठोकळा माझ्या हातात दिला, म्हणाली, आता बघ.

मी बघितला. कमान होती. पटाशीचा डावा दात कोपऱ्यात तांदळाएवढा कमी होता. उजवा आत वळलेला. सुळे बरोबर, रिकामी जागा बरोबर. कॅलिपर लावून मी तीन ठोकळे मोजले आणि तिन्ही साच्याशी केसभरही चुकले नाहीत. क्षणभर माझा विश्वास बसला. भाऊजी, म्हटलं, आलात की काय खरंच. मला ते आवडायचे. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला ते ठोकळ्यांची दाढ करून द्यायचे, दरवर्षी थोडी मोठी.

मग मला ती बारकी खाच दिसली.

मापात प्लास्टर ओतताना कधी हवेचा बुडबुडा अडकतो. साचा निघतो तेव्हा त्या जागी प्लास्टरचा मोहरीएवढा दाणा चिकटलेला असतो. तो खरवडून काढायचा असतो. भाऊजींच्या साच्यावर डाव्या सुळ्याच्या शेजारी असा एक दाणा होता आणि मी घरचंच काम म्हणून आळस केला होता. हा दाणा भाऊजींच्या तोंडात कधी नव्हता. तो फक्त माझ्या साच्यावर होता.

आणि ठोकळ्यावर सुळ्याच्या शेजारी मोहरीएवढी खाच होती. तिन्हींवर होती. मग मी सगळे तपासले. सगळ्यांवर होती.

“काय झालं?” ताई म्हणाली.

मी म्हटलं, काही नाही, फार छान. साचा उचलला, पदराखाली धरला आणि माझ्या खोलीत येऊन कपाटात कुलूपबंद केला. उपयोग काय होता? पाठ झाल्यावर पुस्तक लपवण्यातला तो प्रकार होता.

टेबलाखालची चादर मी त्या दिवशी उचलून बघितली नाही. कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, कंबर धरलीये, वाकता येत नाही.

७

ठोकळे घरातून घालवायचे, हे मी ठरवलं. क्लबमध्ये भाऊजींचे एक मित्र होते, लिफ्ट दुरुस्त करायचे, सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. भाऊजींच्या पांढऱ्या ठोकळ्यांवर त्यांचा पहिल्यापासून डोळा. त्यांना महिन्याभराने सवड होती, तेव्हाच्या एका शनिवारी मी त्यांना बोलावलं. ताईला त्याच वेळेला वजन करायला डॉक्टरांकडे पाठवलं. बहिणीच्या पाठीमागे तिच्या नवऱ्याची वस्तू विकायला निघालेली बाई मी, मला स्वतःची लाज वाटत होती. पण ती खाच डोळ्यांसमोरून जात नव्हती.

लिफ्टवाले टेप, वजनकाटा आणि स्वतःची पिशवी घेऊन आले. गडी आनंदी स्वभावाचा, दारातच दोन विनोद केले. मी त्यांना मागची खोली दाखवली आणि दुधाचं पातेलं गॅसवर ठेवायला गेले. दूध वर यायच्या आत ते परत आले होते आणि बूट घालत होते.

“अहो, आधी सांगायचं ना, आत काम चाललंय म्हणून,” ते म्हणाले. “मी मेला धाडकन दार उघडून शिरलो.”

“कोण काम करतंय?”

“ते गृहस्थ. टेबलाच्या पलीकडे बसलेत. मी सॉरी म्हटलं. काही बोलले नाहीत, पण हसले छान.” मग ते एका बुटाच्या नाडीशी थांबले. “पडदे ओढलेत तुम्ही, अंधार आहे आत. बाकी नीट काही दिसलं नाही मला. दात दिसले.”

“किती वयाचे?” मी विचारलं.

लिफ्टवाले विचार करत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरताना पाहिला. “तसं नाही,” ते शेवटी म्हणाले. “दात दिसले म्हणतोय ना मी. बाकी... तिथे बाकी काही होतं असं मला आठवत नाही.” मग म्हणाले की घरी जागेची अडचणच आहे खरं तर, बायकोला विचारून कळवतो. नाडी न बांधताच ते जिना उतरले. वजनकाटा विसरून गेले.

मी गॅस बंद केला. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आतून ठोकळ्यांचा आवाज येत होता, संथ आणि मन लावून चाललेला. मी जाऊन दार लोटलं, आत न बघता, आणि जिन्यात ताईची वाट बघत बसले.

८

ताई साडेतीन किलो वाढली होती. जिना चढतानाच तिने ते मला खालून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. तिने येताना दोन नव्या साड्या आणि एक पुरुषी मफलर आणला होता. पिशवी माझ्या हातात देऊन ती थेट मागच्या खोलीत गेली. मी पाठोपाठ गेले. आज बोलायचंच, असं मी स्वतःला बजावत होते.

तिने पडदे थोडे उघडले, जमिनीवर मांडी घातली आणि चादरीच्या कडेला आलेले ठोकळे वेगळे करायला लागली. डेअरी जवळजवळ झाली होती. पांढऱ्या भिंती, कॅनची रांग, दूध तपासायची खोली आणि त्या खोलीत एक रिकामी खुर्ची.

“ताई,” मी म्हटलं, “ते भाऊजी नाहीत.”

“माहीत आहे.”

तिने मान वर केली नाही. ठोकळे एकेक करून ढिगात टाकत म्हणाली, “पहिल्याच दिवशी कळलं. अडतीस वर्षं संसार केलाय मी, छोटे. नवऱ्याचे दात मला तुझ्या साच्यावरून ओळखायला लागतील होय? तू एवढी बोलत होतीस, म्हटलं बोलू दे. बरंच झालं. तुझ्यामुळे दात सुधारले.”

मी स्टुलावर बसले.

“मग तू गप्प कशी राहिलीस?” मी विचारलं. “तुला भीती वाटत नाही?”

“वाटते की. दुपारी जास्त वाटते.” तिने आणखी एक ठोकळा ढिगात टाकला. “पण भूकही लागते. इतके महिने नुसती पडून होते मी. किती लोक आले, बसले, चहा प्यायले आणि सगळ्यांनी समजावलं की ते आता परत यायचे नाहीत. तूही समजावलंस. बरोबरच बोललात सगळे. हे एकटंच असं निघालं की ज्याने म्हटलं, बघू तरी करून. जमत नाही गं त्याला. पण सांगितलं की ऐकतं. ह्यांनी मेल्यांनी कधी ऐकलं होतं का माझं?”

ती हसली. मलाही हसू आलं, आणि ते आल्याची भीती त्याहून जास्त वाटली. मी म्हटलं, आपण हे घर सोडू, उद्याच सोडू, ठोकळे राहू देत इथेच. तिने माझ्याकडे पाहिलं. भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची तेव्हाचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या आतून हळूच वर आला, आणि मी पुढचं बोललेच नाही. साडेतीन किलो. मी तिचा दंड पाहिला, मनगट पाहिलं. ती भरली होती.

“दात झाले,” ताई म्हणाली. “आता खोकला घेतलाय. ऐक.”

तिने मफलर उलगडून चादरीच्या कडेला ठेवला आणि जमिनीवर दोनदा टिचकी मारली, थांबली, मग एकदा मारली. भाऊजी असेच खोकायचे. जिन्यावरून येताना, दोनदा, मग थांबून एकदा, की ताई चहा टाकायची.

टेबलाखालून खोकल्याचा आवाज आला. तीनदा, लागोपाठ, घाईघाईने.

“घाई नाही,” ताई समजुतीने म्हणाली. “दोन. मग थांबायचं.”

चादर किंचित हलली. मफलराचं एक टोक आत ओढलं गेलं. मग दोन खोकले आले. मग शांतता, बरोबर तेवढीच. मग तिसरा.

ताईने दोन्ही हात तोंडावर धरले. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, इतकी सुंदर दिसत होती की मला आमची आई आठवली. तिने माझ्याकडे पाहिलं. जमलं ना, असं ती विचारत होती.

मी उठून जाऊ शकले असते. दार दोन पावलांवर होतं. पण तो तिसरा खोकला नुसता घशातला होता, वरवरचा, आणि ते माझ्या कानाला सहन होईना.

मी स्टूल टेबलाच्या जवळ ओढलं.

“तिसरा छातीतून यायचा,” मी म्हटलं.